नो, थँक यू

“बादलीला लाथ मारली तर माणूस मरतो कसा?” फानने विचारलं.

पहिली पाळी सुटून गेली होती. कँटीनमधली टेबलं पुसून झाली होती आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही दोघंच बसलो होतो. फानने वहीत एक बादली काढली होती आणि तिच्याशेजारी हातपाय पसरून पडलेला एक माणूस. माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन फुल्या होत्या.

“बादलीचा काही संबंध नाही,” मी म्हणालो. “किक द बकेट म्हणजे मरणं. बस.”

“मग बादली कशाला?”

मी तेरा वर्षांचा असताना मंचरच्या शाळेत एका जाडजूड पुस्तकातले आठशे इंग्रजी वाक्प्रचार पाठ केले होते. तिथे कुणी ‘बादली कशाला’ असं विचारलं असतं, तर मास्तरांनी त्याला मधली सुट्टी संपेपर्यंत बादली घेऊन उभं केलं असतं. त्यामुळे मी ते कधी विचारलं नव्हतं आणि मला उत्तर ठाऊक नव्हतं.

“इंग्रज लोक तसं म्हणतात,” मी म्हणालो.

“मिस्टर हॉलिस पण तसं म्हणतात?”

“म्हणत असणार.”

फानने बादलीखाली चिनी अक्षरांत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं हे मी विचारलं नाही. मास्तरने काही गोष्टी विचारू नयेत.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणला टायरच्या दुकानावर माझा क्लास होता, ‘आवटे सरांचे फाडफाड इंग्रजी’. त्याआधी बारा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवून मी फक्त घसा बसवून घेतला होता. क्लासमध्ये खाली टायरांत हवा भरायचे आणि वर मी माणसांत. असं सगळं चाललेलं असताना एक दिवस एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या एच.आर.च्या ठुबे मॅडम स्वतः जिना चढून आल्या.

“आवटे सर, आमच्याकडे बारा चिनी इंजिनीअर आहेत,” त्या म्हणाल्या. “ग्रामर त्यांना येतं हो, पुस्तकं घोकूनच आलेत ते. पण बोलण्यातलं कळत नाही. साहेब काही बोलले की नुसते बघत बसतात. तुम्ही त्यांना इडियम शिकवा, स्लँग शिकवा. आधी एकावर प्रयोग करू. जमलं तर बाराच्या बारा तुमच्याकडे. मग तुम्हाला लँग्वेज ऑफिसर म्हणून आतच घेते. टेबल, कार्ड, कंपनीची बस, सगळं.”

रोज सकाळी गळ्यात कार्ड अडकवलेली माणसं कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभी असायची, आणि मी त्यांच्यासमोर टायरच्या दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर चुकवत, वाकून, जिन्याकडे जायचो. त्या कार्डाची मला किती हाव होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची, म्हणून मी मॅडमना “बघतो, वेळ काढावा लागेल” असं म्हणालो.

ज्याच्यावर प्रयोग करायचा तो म्हणजे फान वेन्ताओ. वय चौतीस, हुनान प्रांतातला, पंपांच्या चाचणीचा प्रमुख. कामगार त्याला पंखासाहेब म्हणत. त्याला ते कळलं होतं, आणि रागवायच्या ऐवजी तो एक बोट हवेत गरागरा फिरवून दाखवी. मराठीतलं त्याला एकच वाक्य येई, “जेवला का?” आणि ते तो सकाळी सात वाजतासुद्धा प्रत्येकाला विचारी, कारण त्याच्या गावी जुनी माणसं भेटली की हेच विचारतात. तिखट खाण्यात त्याने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं होतं. ठेचा तो चमच्याने खाई आणि वर मिरची जरा गोड आहे म्हणे.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाले. इथे मी ते मराठीत सांगतोय, त्यामुळे आम्ही दोघंही होतो त्याहून बरे बोलताना दिसू.

इंग्रजी कशाला हवं, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

“टीचर, माझी मुलगी सहा वर्षांची होते. एक सप्टेंबरला तिची शाळा सुरू. पहिला दिवस. मी तिला सोडायला जाणार.”

“मग जा की.”

“जाता येत नाही. कोण राहणार, कोण परत जाणार, ते मिस्टर हॉलिस ठरवतात. ते जूनमध्ये येतात. प्रत्येकाला समोर बसवतात. मागच्या वर्षी मला पण बसवलं.”

मागच्या वर्षीची हकिकत ऐकून मी हसलो होतो. हॉलिस हे वरचे अमेरिकन डायरेक्टर, सिंगापूरला बसत. त्यांना मधे दुभाषा चालत नसे. माणसाने माणसाशी थेट बोलावं असं त्यांचं मत होतं, फक्त ते इंग्रजीत बोलावं एवढंच. ते फानला म्हणाले, ‘यू आर किलिंग इट’, म्हणजे तू कमाल करतोयस. फान घाबरून म्हणाला, मी कुणालाही मारलं नाही. ते म्हणाले, ‘शूट’, म्हणजे बोल, काय असेल ते. फानने तोंड मिटून घेतलं. शेवटी ते म्हणाले, ‘हँग इन देअर’, म्हणजे टिकून राहा, तर फानने छताकडे पाहिलं, काय टांगायचं आहे ते बघायला. या सगळ्यात घरी जायचं सांगायचं राहूनच गेलं आणि त्याचा मुक्काम एक वर्षाने वाढला.

“या वर्षी मला सगळं कळलं पाहिजे,” फान म्हणाला. “घरी जेवताना माझी बायको टेबलावर फोन उभा करते आणि माझी मुलगी फोनसमोर एक वाटी ठेवते. माझ्यासाठी. शाळेत फोन नेता येत नाही.”

मी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शूट’ असं लिहून दिलं.

आता गंमत अशी की ‘शूट’चा तो अर्थ मलाही त्याच दिवशी कळला होता. माझं आठशे वाक्प्रचारांचं पुस्तक ज्या इंग्रजांनी लिहिलं होतं, त्यांनी बहुतेक तेव्हाच बादलीला लाथ मारली असावी. पुढचे तीन महिने मी नेट कॅफेत बसून अमेरिकन माणसांच्या गप्पांचे व्हिडिओ बघायचो, त्यातलं कागदावर उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी फानसमोर असा बोलायचो, जणू लहानपणी मंचरच्या बाजारात हेच ऐकत मोठा झालो. एखादा शब्द अडला की, “हा जरा खोल विषय आहे, उद्या घेऊ,” असं म्हणायचं. फान मान डोलावून वहीत ‘उद्या’ असं लिहून ठेवायचा आणि उद्या नेमका विचारायचा.

पोरगा हुशार होता. पोरगा म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनीच लहान, पण शिकवताना सगळेच पोरं वाटतात. महिनाभरात त्याने वही भरून टाकली. प्रत्येक वाक्प्रचाराशेजारी चित्र असे.

“कामचलाऊला तुमच्याकडे काय म्हणतात?” मी एकदा त्याला विचारलं. “म्हणजे, ठीकठाक, बरं-वाईट काहीच नाही, असं.”

“घोडा घोडा वाघ वाघ.”

“घोडा कशाला? आणि वाघ कशाला?”

तो पहिल्यांदाच अडकला. बराच विचार करून म्हणाला, “चिनी लोक तसं म्हणतात.” मग आम्ही दोघंही इतके हसलो की कँटीनवाला आतून डोकावून गेला.

मे महिन्याच्या शेवटी ठुबे मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सगळा क्रम सांगितला.

“आधी गप्पा, मग कामाचं, आणि शेवटी विचारणारच, आणखी दोन वर्षं थांबणार का. ते त्यांच्या फॉर्मवरच आहे. तेव्हा फानसाहेबांनी काय ते सांगावं. थांबलंच पाहिजे असं कम्पल्शन नाही. यांच्या जागेवर एक जण यायला तयार आहे, यांनी नाही म्हटलं तर तो इकडे, नाहीतर ब्राझीलला. फक्त सर, साहेबांना वाटलं पाहिजे की ट्रेनिंगचा उपयोग झाला. तुम्ही पण बसा आत. तुमच्या पोस्टवर सही तेच करणार आहेत.”

मी फानला बजावलं, “आपण होऊन घरचा विषय काढू नका. आधी साहेबांना खूश करा. शेवटचा प्रश्न आला की मग सांगा. नो, थँक यू. आय वॉन्ट टू गो होम.”

“नो, थँक यू,” फान म्हणाला. “आय वॉन्ट टू गो होम.”

“घोगरं बोलू नका. छाती काढून बोला.”

आम्ही ते वीस वेळा म्हटलं. मी हॉलिस व्हायचो, फान फान राहायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलिस आले. बाह्या दुमडलेला, टक्कल पडलेला, आडव्या अंगाचा माणूस. वातानुकूलित खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते आणि ठुबे मॅडम, दुसऱ्या बाजूला फान, आणि फानच्या डाव्या हाताला मी. माझ्यासमोर एक पाण्याची बाटली ठेवली होती. इतक्या मोठ्या टेबलावर स्वतःची पाण्याची बाटली मला प्रथमच मिळत होती.

हॉलिसनी विचारलं, कसं चाललंय. फान म्हणाला, “कान्ट कम्प्लेन.” तक्रारीला जागा नाही. हॉलिसनी भुवया वर केल्या. नवी चाचणी अवघड गेली का, असं विचारलं, तर फान म्हणाला, “पीस ऑफ केक.” हातचा मळ. मग साहेब म्हणाले, एक सुचवायचं आहे, आणि फान खुर्ची पुढे ओढून, माझ्याकडे न बघता म्हणाला, “शूट.”

हॉलिसनी टेबलावर थाप मारली आणि खो खो हसले. ठुबे मॅडम हसल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाऊण तास तो पठ्ठ्या कुठेही अडखळला नाही. साहेब एक फेकायचे, हा झेलून दोन परत करायचा. शेवटी हॉलिसनी फॉर्म जवळ ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी गप्पांच्या ओघात, हसत म्हणाले, “सो यू वुडन्ट माइंड स्टेइंग अनदर टू इयर्स, वुड यू?”

म्हणजे, तर मग आणखी दोन वर्षं थांबायला तुझी हरकत नसेल, हो ना?

फान ताठ बसला. छाती काढून म्हणाला, “नो.” आणि मग अदबीने मान लववून, “नो, थँक यू.”

“दॅट्स द स्पिरिट,” हॉलिस म्हणाले आणि फॉर्मवर खूण करून उभे राहिले.

“माय डॉटर,” फानने पुढचं वाक्य सुरू केलं.

“गिव्ह हर माय लव्ह,” हॉलिस म्हणाले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर फानने भिंतीला पाठ टेकली. त्याचा शर्ट घामाने ओला झाला होता.

“मी सांगितलं, टीचर. दोनदा सांगितलं. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मला वाटलं, रागावतील. नाही रागावले. मुलीला प्रेम पण सांगितलं. चांगला माणूस आहे.”

“छान बोललात,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी त्याने घरी फोन करून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मला कौतुकाने म्हणाला, मुलगी आता रोज शाळेच्या रस्त्यावरची झाडं मोजून ठेवते, बाबाला दाखवायला. माझ्याही पोस्टवर सही झाली. माझा फोटो काढला, फॉर्म भरून घेतला आणि दहाव्या दिवशी माझ्या गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड आलं. पहिल्या दिवशी मी बसमध्ये खिडकीशी बसलो आणि टायरच्या दुकानावरून जाताना मुद्दाम बाहेर पाहिलं.

त्याच दुपारी फान कँटीनमध्ये एक कागद घेऊन आला. त्याने तो माझ्यासमोर ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“टीचर, हा शब्द मला माहीत आहे. पण इथे त्याचा वेगळा अर्थ आहे का? स्लँग?”

शब्द होता एक्स्टेंडेड. दोन वर्षं, परस्पर संमतीने, आणि शेवटी फानच्या उत्साहाबद्दल हॉलिससाहेबांचे खास आभार.

“नाही,” मी म्हणालो. “हा साधाच शब्द आहे.”

“पण मी नो म्हणालो.”

“हो.”

“ते म्हणाले, तुझी हरकत नाही. मी म्हणालो, नो. तुमचं चुकतंय. हरकत आहे.”

मग मी त्याची वही ओढून घेतली आणि त्याला समजावलं. इंग्रजीत समोरच्याच्या वाक्याला हो किंवा नाही म्हणायचं नसतं, वस्तुस्थितीला म्हणायचं असतं. भूक नाही का, असं विचारलं आणि भूक नसेल, तर तुम्ही म्हणता, हो, बरोबर, नाही. आम्हीही म्हणतो. गृहपाठ केला नाहीस, असं दरडावलं की आमची पोरं म्हणतात, हो सर, नाही केला. इंग्रजीत तिथे नोच म्हणावं लागतं. हरकत नाही ना, या प्रश्नाला नो म्हणजे नाही, काही हरकत नाही. थांबतो. आनंदाने थांबतो.

मी फार चांगलं समजावलं. समजावणारच. वाक्याच्या शेवटी चिकटवलेला तो ‘वुड यू’ म्हणजे क्वेश्चन टॅग. बारा वर्षं मी आठवीच्या पोरांना तो शिकवला होता, परीक्षेला दोन मार्कांना घातला होता. बादलीचं मला ठाऊक नव्हतं, ‘शूट’चं नव्हतं, पण सबंध इंग्रजी भाषेत एक गोष्ट जर मला कुणी झोपेतून उठवून विचारली तरी आली असती, तर ती हीच. मॅडमना स्लँग हवं होतं, म्हणून ती मी फानला शिकवली नव्हती.

आणि त्या खोलीत फानच्या तोंडून ‘नो’ बाहेर पडलं, त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. त्याला काय म्हणायचं होतं आणि साहेबांनी काय ऐकलं, या दोन्ही गोष्टी कळलेला तिथे मी एकटाच होतो. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ठुबे मॅडमनी टेबलाच्या कडेशी अंगठा वर करून मला दाखवला. आता उठून काय सांगायचं, की साहेब, तीन महिने मी शिकवलेल्या या माणसाला हो आणि नाही म्हणता येत नाही? मी मूग गिळून बसलो. म्हटलं, चहाच्या वेळी सांगू. चहाच्या वेळी हॉलिसनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, उद्या मॅडमना सांगू. दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म भरायचा होता. असे दहा दिवस गेले. मी हलकट माणूस नाही, असं मला तोवर वाटत आलं होतं.

फान मॅडमकडे जाऊन आला. त्याच्या जागेवर येणारा माणूस ब्राझीलला रवाना झाला होता, तिकिटासह. मॅडम हळहळल्या, पण फानसाहेबांनी सगळ्यांसमोर, दोनदा, थँक यू म्हणून सांगितलं होतं, त्याला त्या तरी काय करणार. पुढच्या जूनला बघू, असं त्या म्हणाल्या.

तो पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ वहीतला तो नियम वाचत राहिला, ओठांनी पुटपुटत. मी चहा मागवला. दोन्ही कपांवर साय धरली. मुलीला काय सांगणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग त्याने मान वर केली.

“टीचर, तुम्ही माझ्या शेजारी बसला होता.” तो इंग्रजीत शब्द जुळवत, सावकाश बोलत होता. “त्या दिवशी तुमच्याही लक्षात आलं नाही?”

“नो,” मी म्हणालो.

फानने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता. नुकताच शिकलेला नियम पडताळून बघणाऱ्या विद्यार्थ्याची ती नजर होती. त्याने वहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा नो इंग्रजी, की चिनी?”

मला एवढंच म्हणायचं होतं, चिनी. म्हणजे तुझं चुकतंय, लक्षात आलं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि त्यासाठी कुठलाही वाक्प्रचार लागत नव्हता.

“इंग्रजी,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. बरोबर उत्तरासमोर करतात तशी वहीत एक खूण केली. मग माझ्या कपातली साय बाजूला सारून त्याने तो कप, गुरूला देतात तसा, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“वाईट वाटून घेऊ नका, टीचर,” तो म्हणाला. “इतका अवघड नियम. तुम्ही पण तर परकेच.”